ब्रेकवरचा झाडू

प्रिय शेल्बी,

आणि हट्टी म्हणे मी! तुझ्या पत्रात चार ओळी बर्फाच्या, एक ग्लेनमामांच्या गुडघ्याची, आणि बाकी पानभर पुन्हा तेच: ‘माझी गाडी येणार नसेल तर मीही येणार नाही.’ अगं, ती तुझी डबडी गाडी! हीटर चालत नाही, उजवं दार आतून उघडत नाही. निघताना पेट्रोलपंपापाशी मी तुला एवढंच म्हणालो होतो की ती मामांच्या गॅरेजात ठेव आणि माझ्या शेजारी बस. मी चिडून विचारलं, गाडी काय पळून जायला हवीय का? तर तू सरळ ‘हो’ म्हणालीस. असं कुणी तोंडावर म्हणतं का? मग निघालो मी एकटाच.

इथे ॲरिझोनात थंडी अशी नाहीच. वाळवंटात मोटरहोमांचं, म्हणजे चाकांवरच्या घरांचं, गावच वसलंय, सगळी हिवाळ्यापुरती आलेली म्हातारी माणसं. माझं काम म्हणजे त्यांच्या मोटरहोममागे मुक्कामावर फिरायची छोटी गाडी बांधून द्यायची. ओढदांडा जोडायचा, साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची वायर खोचायची, गिअर सोडायचा, हँडब्रेक काढायचा. किल्ली आत अर्धी फिरवून ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग अडकतं आणि पुढचे टायर घासून फाटतात. आणि एकदा बांधली की मागे रेटायची नाही. गाडी तिरकी होते, दांडा वाकतो. चुकून बंद गल्लीत शिरलात तर सोडायची, वळवायची, पुन्हा बांधायची.

सगळ्यात मजा दिवे तपासताना. एकानं पुढे बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून ओरडायचं. माझ्या शेजारी ऑर्विल आणि लव्हॉन म्हणून जोडपं आहे, त्यांचं ऐकायला लोक खुर्च्या घेऊन बसतात. तो पुढून विचारतो, लागला का? ती म्हणते, लागला, पण तुझ्यासारखाच, मधूनमधून. तो म्हणतो, बाई, चाळीस वर्षं ब्रेक मीच दाबतोय, तू नुसती ओरडतेस.

भांडण जास्त पेटलं की लव्हॉन मागची त्यांची छोटी लाल गाडी सोडवून घेते आणि जाते. ऑर्विल घडीच्या खुर्चीत बसून धुळीकडे बघत राहतो. संध्याकाळी ती पीच भरलेली गोड पेस्ट्री घेऊन येते, आणि दोघं एकाच ताटलीतून खातात. एकदा मी त्याला विचारलं, ऑर्विलकाका, ही परत आलीच नाही तर? भीती नाही वाटत? तो म्हणाला, पोरा, भीती गाडी नव्हती तेव्हा वाटायची. तेव्हा ती इथेच असायची, पण खिडकीकडे तोंड करून.

मला लगेच पटलं असं समजू नकोस. मी त्याला म्हातारा चळलाय म्हणालो. पण तेव्हापासून वाटेवर धूळ उडाली की माझंही तिकडे लक्ष जातं.

बातमी अशी, की मीही एक जुनं मोटरहोम घेतलंय. छप्पर गळत होतं, डांबर लावलं. दिवे तपासायला मात्र कुणी नाही. मग झाडूचा दांडा ब्रेकवर टेकवून सीटमध्ये अडकवतो आणि मागे धावतो. पोचेपर्यंत झाडू घसरतो, दिवा विझतो. इतरांसाठी दिवसभर ‘लागला, लागला’ ओरडतो. काल माझ्याच मोटरहोममागे उभा राहून ओरडलो, शेल्बी, दाब! शेजारचं कुत्रं भुंकलं, बाकी कुणी नाही.

एप्रिलमध्ये ही माणसं उत्तरेला निघतात, तेव्हा मीही निघेन. तुमच्या गल्लीत येणार नाही, ती पुढे बंद आहे. त्याच पंपापाशी रस्त्यावर थांबेन. गाडी तू स्वतः चालवत आणायचीस. नाही आलीस तर टाकी भरून पुढे जाईन, असं लिहिणार होतो. पण जाणार नाही, निदान लगेच नाही. तुझी गाडी हातानं गिअर टाकायची आहे, चारही चाकांवर ओढता येते, मी खात्री करून घेतलीय. ओढदांडा अडकवायला पुढच्या बंपरखाली लोखंडी पट्टी तेवढी बसवावी लागेल. मामांना सांग, वेल्डिंग नको, बोल्ट घाला. ओढताना एक किल्ली गाडीतच राहते, म्हणून दुसरी करून घे, ती तुझ्याच खिशात राहू दे, मला देऊ नकोस. सोबतची मनीऑर्डर बसच्या तिकिटाची नाही. पट्टीचे, मामांच्या मजुरीचे आणि त्या दुसऱ्या किल्लीचे मिळून सातशे दहा डॉलर.

तुझाच,
डॅरिल