सकाळचा पहिला ब्रेक

लिहून ठेवणार: मी, गाड्या दुरुस्त करणारा आणि हौशी लोकांना त्या वेगवान करून देणारा मिस्त्री, वय चौसष्ट, राहणार गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत. कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, येत्या मंगळवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच म्हणत आलो, आणि बॉनेट उघडल्यावर आत काय काय निघतं ते मला चांगलं ठाऊक आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे, कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. अक्षर वाकडं आलं तर ते भीतीमुळे आलं, नशेमुळे नव्हे, याची वकीलसाहेबांनी नोंद घ्यावी.

१. वरच्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि बँकेत शिल्लक असेल ते सर्व माझ्या एकुलत्या मुलीला द्यावे. स्वयंपाकघराचा नळ गळतो. इंजिन उघडणाऱ्या माणसाला नळ दुरुस्त करता येत नाही, असं तिची आई शेवटपर्यंत बोलून दाखवायची. येत होता, पण कंटाळा केला. खिडकीतल्या डबीत वायसर आणून ठेवला आहे.

२. हत्यारं सर्व मुलीला, कारण ती माझ्याच हाताखाली शिकली आणि आता माझ्यापेक्षा बरी आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हणालो नाही. यातला नट किती आवळला ते दाखवणारा मोठा पाना चार वर्षांपासून शेजारच्या टायरवाल्याकडे आहे. ‘उद्या देतो’ असं तो रोज म्हणतो. तो पाना त्यालाच देऊन टाकावा असं माझ्या मनात होतं. पण वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं. टायरवाला माझा साक्षीदार आहे. तेव्हा पाना परत आणावा.

३. खालचं गॅरेज, जागेसकट, निम्मं मुलीला आणि निम्मं माझ्या भावजयीला, म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या भावाच्या बायकोला. ती मागच्या गल्लीत राहते आणि बायको गेल्यापासून आम्हा बापलेकींचा दुपारचा डबा न चुकता आणते. हा वाटा डब्याबद्दल नाही. कशाबद्दल आहे ते कलम ५ मध्ये येईल.

४. काळी गाडी. ही मी आणि मुलीने मिळून चार वर्षांत तयार केली. टर्बो बसवला, इंजिनाची ताकद मूळच्या दुप्पट झाली. ताकद काय, कोणीही उपटसुंभ वाढवून देतो. पण गाडी रोजच्या रस्त्यावर चालण्याजोगी आहे का, हे कोणी विचारत नाही, म्हणून इथे एकदाचं लिहून ठेवतो. गारठ्यात पहिल्या चावीला सुरू व्हायला हवी. सिग्नलला वीस मिनिटं अडकली तरी तापमानाचा काटा जागचा हलता कामा नये. चढावर मागे बस चिकटलेली असताना क्लच दाबून डावा पाय लटपटायला नको. गतिरोधकावर पोट घासायला नको. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागायला नको. आणि सकाळी सगळं गार असताना पहिला ब्रेक दहाव्या ब्रेकइतकाच लागला पाहिजे. शेवटची अट मी नेहमी हळू आवाजात सांगतो.

आमच्या गॅरेजात एक रिवाज आहे, मीच घातलेला. गाडी ताब्यात देण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाने ती सकाळी भाजीबाजारापर्यंत नेऊन परत आणायची. एकाने सासूबाईंना आणलं होतं. त्या स्टिअरिंगला घोरपडीसारख्या चिकटून निघाल्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, अजून एक चक्कर मारून येऊ का. ती गाडी पास. हौशी माणूस गाडीची खोड लगेच अंगवळणी पाडून घेतो. भित्रा माणूस घेत नाही, तो खाली उतरून घरी जातो.

काळी गाडी मुलीला मिळावी, पण वरील परीक्षा झाल्यावरच. आमच्या घरात सर्वांत भित्री माझी भावजय. ती अकरा वर्षांत कोणाच्याच गाडीत बसलेली नाही. ती बसेपर्यंत गाडीची चावी वकीलसाहेबांकडे राहावी. मुलगी चिडेल. चिडू दे.

५. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्याची गाडी मी तयार केली. त्याला ब्रेक कडक हवे होते. मी शर्यतीच्या गाडीचे पॅड बसवले. ते तापले की असे धरतात की माणूस पट्ट्यात लटकतो. गार असले की नुसते घसरतात. हे मला माहीत होतं. रिवाजाप्रमाणे गाडी आधी त्याच्या बायकोने भाजीबाजारापर्यंत न्यायची होती. ती आठवडाभर माहेरी गेली होती, धाकट्याला दम निघत नव्हता, आणि मी म्हणालो, ‘घेऊन जा रे, घरचीच तर गाडी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत तो घरून निघाला. त्याच्या गल्लीला उतार आहे आणि उतार संपतो तिथे चौक. त्याचा दिवसाचा पहिला ब्रेक तिथे लागायचा होता. चौकात बस आली होती.

सगळे म्हणाले, वेगात असणार. गाडी ओढून माझ्याच गॅरेजात आणली. गिअर दुसऱ्यात होता. उतारावर दुसरा गिअर टाकणारा माणूस वेगात नसतो, हे मला एकट्याला कळलं, कारण त्या वेळी तिथे मी एकटाच होतो. पाहणी करणारे यायच्या आत मी ते पॅड काढले आणि साधे बसवले. त्यांनी पाहिलं, म्हणाले, ब्रेक ठीक आहेत, चूक चालवणाऱ्याची. मी मान डोलावली. माझा भाऊ गेला आणि वर त्याला मी दोषीही ठरवलं.

तेव्हापासून भावजय त्याच्या फोटोशी भांडते. किती वेळा सांगितलं होतं हळू जा म्हणून, असं माझ्यासमोर म्हणते, आणि मी तिच्या हातचं खाली मान घालून जेवतो. त्या दिवसापासून मी गाडी चालवलेली नाही. लोकांना वाटतं, चक्कर मारून बघायचं काम मिस्त्रीने मुलीवर सोपवलं. त्या चौकातून मी पायीसुद्धा जात नाही. किराणा आणायला तिप्पट लांबून जातो आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय अशी थाप मारतो.

हे आत्ता लिहितो याचं कारण ऑपरेशन एवढंच नाही. गेल्या महिन्यात मुलीने टेबलावर एक खोका आणून ठेवला. त्यात तसलेच पॅड. ‘बाबा, काळीला हे टाकू या, जागच्या जागी थांबेल.’ मी नको म्हणालो. का नको, ते सांगता येईना. ती हसली, म्हणाली, तुम्ही म्हातारे झालात. खोका अजून तिच्या कपाटात आहे. मंगळवारी मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही, तर तिला अडवणारं कोणी नाही. ती त्याच रस्त्याने रोज जाते. मी झोपेतसुद्धा तो उतार उतरतो आहे.

तेव्हाचे पॅड पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर, जुन्या कार्बुरेटरमागे आहेत. तो डबा मुलीने भावजयीसमोर उघडावा आणि हे कलम तिला वाचून दाखवावं.

पुरवणी, त्याच बैठकीत

वरचा मजकूर मी गेल्यावर उघडायचा होता. भावजयीचा चेहरा मला बघावा लागणार नाही, असा बेत होता. पण दुसरे साक्षीदार, औषधांच्या दुकानाचे मालक, सहीसाठी आलेच नाहीत. वकीलसाहेब घड्याळ बघू लागले. तेवढ्यात भावजय डबा घेऊन वर आली आणि म्हणाली, त्यात काय, मी करते सही. मी म्हणालो, तुला चालणार नाही. तिने का विचारलं. माझ्याआधी वकीलसाहेबांनीच सरळपणे सांगून टाकलं की यात तुम्हाला अर्धं गॅरेज आहे. कशाबद्दल, असं तिने मला विचारलं. कागद समोरच होते. तिने डबा खाली ठेवला आणि उभ्यानेच वाचायला घेतले.

पाचव्या कलमाशी ती किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही, मी फरशीकडे बघत होतो. मुलगी खालून हात पुसत आली होती, तीही तिच्या खांद्यावरून वाचत होती. मग भावजयीचा आवाज आला.

‘म्हणजे हळूच चालला होता तो.’

मी म्हणालो, हो, हळूच. ती खुर्चीत बसली आणि तिने पदराने तोंड झाकलं. मुलगी आत गेली, कपाटातला खोका आणून माझ्या पायाशी ठेवला आणि काकूजवळ जाऊन उभी राहिली. माझ्याजवळ आली नाही. ते बरोबरच आहे.

मग भावजयीने पेन मागितलं. वकीलसाहेबांनी पुन्हा बजावलं की सही केलीत तर वाटा जाईल. जाऊ दे, म्हणाली, याबद्दलचा वाटा मला नको. सही करून तिने कागद माझ्याकडे सरकवला.

‘दादा, घरातलं सर्वांत भित्रं माणूस मी नाही. तुम्ही आहात.’

सबब कलम ४ मध्ये दुरुस्ती करतो. मंगळवारनंतर मी जिवंत परत आलो, तर काळी गाडी मी चालवायची. सकाळी, गार असताना, त्याच उतारावरून, भाजीबाजारापर्यंत. शेजारी भावजय बसेल. हे तिने सांगितलं आहे, मी विचारलं नव्हतं. आता मला ऑपरेशनची भीती वाटेनाशी झाली आहे.

लिहून ठेवणार: मिस्त्री (सही)

साक्षीदार १: शेजारचा टायरवाला (सही). पाना आणला आहे.

साक्षीदार २: धाकट्याची बायको (सही). सगळं वाचून सही केली.

ठिकाण: गॅरेजची वरची खोली. वार रविवार, तारीख अठरा, दुपारी जेवणाआधी. डबा अजून कोणी उघडलेला नाही.