मामाकडची पिवळी

२६ मार्च १९८६
हे दिल्लीहून आले. सुटकेस आली नाही!

यांच्या स्टील प्लांटने यांना पहिल्यांदाच कामासाठी विमानाने पाठवलं. सामान जड झालं तर जास्तीचे पैसे पडतात, असं कुणीतरी यांच्या कानात घातलं. मग काय, डोकं चाललं! पितळी समई हातात, जाडजूड फायली कोटाच्या खिशांत, अंगावर दोन शर्ट. या उन्हात! जड ते सगळं जवळ ठेवलं आणि हलकं सुटकेसमध्ये टाकलं. समई सुखरूप घरी पोचली. हलकं गेलं.

आणि त्या हलक्यातच दादाचं पुडकं होतं.

२७ मार्च
सारखं तेच मनात. आई गेल्यावर तिच्या कपड्यांच्या पेटीवरून माझं आणि नरहरीदादाचं वाजलं. पेटी वहिनीने ठेवून घेतली, मी नाही नाही ते बोलले. नऊ वर्षं बोलणं बंद! आमच्या शैलाचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा दादाने आपणहून यांना दिल्लीच्या घरी बोलावलं. जेवू घातलं. निघताना पुडकं हातात दिलं — "भाचीची पिवळी हाय, मामाकडची. रत्नालेच उघडू द्या." लग्नात मुलीला मामाची पिवळी साडी लागते, हे तो विसरला नाही. ऐकूनच मला रडू आलं. पण साडी कुठे? ते विमान कंपनीला ठाऊक!

३ एप्रिल
सुटकेस नाही. विमानाने लवकर पोचतं म्हणे!

९ एप्रिल
यांच्याबरोबर रायपूरला कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला बाबू मोठा गोड. "बहनजी, हर्जाना वजन के हिसाब से मिलता है." भरपाई वजनावर, आणि सुटकेस भरली किती? सात किलो! यांनीच हलकी केलेली. हे तावातावाने म्हणाले, "अरे भाई, बाकी वजन तो मेरे बदन पर था!" बाबू शांतपणे म्हणाला, "वो तो मिल गया न आपको?"

मला हसू आवरेना. मग त्याने साडीची किंमत विचारली आणि माझं हसू पळालं. काय सांगणार? माझ्या भावाने दिलेली आहे, एवढंच म्हटलं. त्याने काहीच लिहिलं नाही.

२० एप्रिल
मी म्हटलं, दादाला खरं ते कळवून टाकू. हे उखडले — "कावून? नऊ वर्षांनी त्यानं काही देल्लं अन् तेही आपण हरवलं, असं सांगतं का? मुद्दाम हरवली म्हणन तो! पिवळी ते पिवळी. दुसरी घे."

पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. मला दादाची भीती वाटते.

४ मे
इथल्या पावर हाउस बाजारातून पिवळी आणली. बारीक जरीकाठ आहे. शैला घाबरली, "आई, मामा पहचान गए तो?" म्हटलं, पुरुषांना साडीतलं काय कळतं? तुझ्या बाबांना विचार, माझी कोणती आणि शेजारणीची कोणती!

१४ मे
कंपनीचा चेक आला. त्यात पदर आला असता, फार तर.

२५ मे
लग्न लागलं. दादा आला! केस पार पांढरे झालेत. मी पाया पडले, त्याने डोक्यावर हात ठेवला. जीव थंड झाला.

मग शैला पिवळी नेसून बाहेर आली. तो बघतच राहिला. म्हणाला, "हे साडी कोणती व, रत्ना?" मी तोंड भरून हसले — "कोणती काय? तूच देल्ली ना, दादा!" तो म्हणाला, "बरं, बरं. शोभते पोरीले."

सुटले! ओळखलं नाही!

जेवला मात्र नाही. डोकं दुखून राहिलं म्हणाला, आणि दुपारच्याच गाडीने गेला. वहिनीने येतानाच कान भरले असतील, दुसरं काय!

१८ जून
सुटकेस आली! गुवाहाटी बघून आली म्हणे. कुलूप शाबूत. हे खूश आहेत, फक्त चेकचे पैसे परत द्यावे लागणार म्हणून हळहळताहेत. पुडकं मी उघडलं.

नवी साडी नाहीच. आईची पिवळी. तिच्या लग्नातली, त्या पेटीतली. काठाला मी लहानपणी निरांजनाने पाडलेलं भोक, त्यावर आईच्या हातचा रफू.

दादा मांडवात ही शोधत होता.