बाळंतिणीला विचारलेले प्रश्न

आई, काल माझ्या बाळंतीण लेकीने दवाखान्यातून मिळालेला प्रश्नांचा कागद भरला. एकटीने, दार लावून. बाहेर अळिवाची खीर ढवळताना मला तुझा आवाज ऐकू आला.

हीच लेक झाली तेव्हा, ऐंशीच्या दशकात, तू बेसा गावातल्या आपल्या घरी माझं बाळंतपण करत होतीस. खाटेखाली शेगडी, माझ्या डोक्याला घट्ट रुमाल, कानात तू कोंबलेले कापसाचे बोळे. दवाखान्यातली एक तरुण बाई आली. बाळंतपणानंतर बायका उदास होतात का, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. कागद मी स्वतः वाचून खुणा करायच्या होत्या, पण तू तो तिलाच परत दिलास. "बाळंतिणीनं डोळ्याले ताण देऊ नाही. तूच वाच वं. जोरानं वाच, कानात कापूस हाये तिच्या." आणि उत्तरंही तूच देऊ लागलीस. हसू येतं का? "काहून नाही येणार? लक्ष्मी आली घरात." झोप लागते का? "मस्त झोपून राहिली."

मी भिंतीकडे बघत होते. बाळाला जवळ घेतलं की मला काहीच वाटत नव्हतं, आणि हे बोलले तर बाळ माझ्यापासून काढून घेतील, अशी भीती. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पूर्ण वाक्यात उत्तर मागायच्या. आताही वाक्य तयार होतं, तोंड उघडत नव्हतं.

मग तिने वाचलं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं होतं का? तू म्हणालीस, "होते ना. ही झाली तवा दोन महिने हिचं तोंड पाहावं नाही वाटे मले. सासू म्हणे, नाटकं करते."

ती गोंधळली. "काकू, हे कुणाचं लिहू?"

"अवं, माझंच सांगून राहिली मी!" तू हसलीस आणि दूध बघायला आत गेलीस. मी कापूस काढला. "माझंही लिहा," म्हटलं. "मलाही तसंच होतं."

तू ते ऐकलंस का? त्या दिवसापासून "घे तिले" म्हणणं तू सोडलंस. बाळ आधी स्वतः थोपटायचीस, मग माझ्या कुशीत हळूच सरकवायचीस. मी झाले तेव्हाचे ते दोन महिने मला कुणी सांभाळलं गं? आणि तुझं मन माझ्याकडे वळलं ते कसं, एकदम की हळूहळू? तुला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

तू तर गेलीस, हे पत्र कुठे टाकणार? एवढंच सांगते, तुला माझं तोंड पाहावंसं वाटत नव्हतं हे ऐकून मला दुखलं नाही. तुझ्यावर इतकी माया मला त्याआधी कधी आली नव्हती.