पट्टी खट्ट बसली

सांगली, दसरा, १९९७. संध्याकाळ.

कॉम्प्युटर चालू झाला. मीच केला, आणि तेच डोक्यातून जात नाही.

घरचा हा जुना डबा सारखा हँग व्हायचा, म्हणून तर लग्नपत्रिका टाइप करायला मला रोज गावातल्या कॉम्प्युटर सेंटरवर जाता यायचं. तिथला चहा, गप्पा, येताना घाटावरून एकटीनं चालणं. तरी सेंटरच्याच एका बंद मशीनमधली मेमरीची पट्टी मी स्वस्तात मागून आणली. धूळ पुसली, पट्टी दाबली, खट्ट आवाज आला. काय बरं वाटलं तेव्हा. हौस माझी, दुसरं काय.

सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मामंजी म्हणाले, "लय चांगलं केलंस, पोरी. आता बाहेर जायाची गरज न्हाई. घरात बसून टाइप कर." ह्यांनीही मान हलवली.

पट्टी जराशी सैल केली तर? कुणाला कळणार आहे?

मघाशी सगळे सोनं वाटायला गेल्यावर झाकण उघडलं. पट्टी एका बाजूनं आपोआपच वर आली होती.

मी ती दाबली. खट्ट.