सत्तरच्या खाली

६ जानेवारी, सोमवार

विसरलास ना? काल अर्धा तास बोलले, आणि आज नात शिवांजली म्हणते, "आज्जी, यात काहीच नाही." सगळं गिळून बसलास! मी अडाणी, माझं एक सोड. तू मोबाइल, तुला तर म्हणे सगळी अक्षरं येतात. मग एवढं विसरायला काय झालं? शिवांजली सांगते, बोलून झालं की खालची हिरवी खूण दाबायची. बरं, दाबीन. परत सांगते. आता तरी नीट ऐक.

मी रंगुबाई. गाव दहिवडीच्या पलीकडं. दिवाळी झाल्यावर धाकट्या लेकाकडं, नाथाजीकडं सांगलीला आले, गुडघा दाखवायला. आठ दिवसांसाठी आले होते. दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाला वजन उतरवा, आणि नाथाजीनं तेवढंच धरून ठेवलं — "आई, सत्तरच्या खाली आलीस की दुसऱ्या दिवशी गावाला पोचवतो. तोवर नाव काढायचं नाही." काल काट्यावर उभी केली. चौऱ्याहत्तर.

म्हणजे चार-पाच किलो. तेवढ्या वजनाचं कोकरू काखेत मारून घाट चढलेय मी! उतरवायला असा कितीसा वेळ लागणार? थोरला मोठा कळप घेऊन कोकणात गेलाय. गावात थोरली सून, आणि आमचं म्हातारं. वीस मेंढरं त्यांनी मागं ठेवून घेतलीत, हट्टानं. गुडघ्यापेक्षा त्यांचा स्वभाव जास्त कुरकुरतो. पण करमत नाही त्यांच्याशिवाय. हे फक्त तुला सांगितलं.

७ जानेवारी

डाएट सुरू. सून स्वप्नालीनं कागद लिहून फ्रिजला चिकटवलाय. मी त्याला बघते, तो मला बघतो. सकाळी ओट — आजारी वासराला पाजतात तसली पेज. दुपारी काकडी आणि गाजर. संध्याकाळी पुडीतलं सूप, गरम पाण्यात ढवळलं की झालं. खारट! परत भूक लागली तर परत सूप. भाकरी बंद, चटणी बंद. आणि सकाळ-संध्याकाळ बिल्डिंगला दहा-दहा फेऱ्या.

मला चालायला शिकवतात! उभा जन्म मेंढरामागं गेला, आणि आता मी बिल्डिंगला फेऱ्या मारते, गेटवरचा वॉचमन मोजतो.

गुडघा ठणकतो म्हटलं तर नाथाजीनं मेडिकलमधनं गोळ्यांची पाकिटं आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक. "गोळी घे आणि चाल. चाललीस की उतरेल." गोळी मात्र गुणाची. दुखणं कुठल्या कुठं.

१२ जानेवारी, रविवार

पंचाहत्तर. काट्यावरचा आकडा मला वाचता येत नाही. तो स्वप्नाली वाचते. मी तिचं तोंड वाचते.

"पहिल्या आठवड्यात होतं असं, आत्या." एक किलो वाढलं, ते म्हणे होतं असं!

१३ जानेवारी

भोगी. त्यांच्या ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. माझ्यापुढं ओट. देवाला असला निवद दाखवला असता तर देव उठून गेला असता. मला तेवढीही सोय नाही.

१४ जानेवारी

तुझ्यापाशी काय लपवू? संक्रांतीचा एक लाडू खाल्ला. दाराआड उभं राहून. सुपारीएवढा होता. बरं — लिंबाएवढा.

१९ जानेवारी, रविवार

सत्त्याहत्तर.

स्वप्नालीनं लाडू मोजले. मला ऐकू जाईल असे मोजले. "आत्या, मला एका लाडवाचं काही नाही हो. पण खोटं नको." मी कधी खोटं बोलले? मला विचारलंच कुणी नव्हतं!

नाथाजी पेपराच्या आडून, "तुझ्याच भल्यासाठी चाललंय ना आई?"

एका लाडवाचे दोन किलो! असला लाडू बाजारात मिळत असता तर आम्ही चारा-पाण्याला वणवण कशाला केली असती? हे बोलले, तर शिवांजली तेवढी हसली. आईनं तिच्याकडं बघितलं, मग तीही हसायची राहिली.

२३ जानेवारी

म्हाताऱ्याचा फोन.

"कवा येतीस?"

"चार-पाच किलो उतरलं की."

"मग किती उतरलं?"

"तीन चढलं."

मग म्हणाले, "काळी व्याली. जुळी हायती." आणि ठेवला.

२६ जानेवारी, रविवार

अठ्ठ्याहत्तर. फेऱ्या पंधरा झाल्या. सूप तीनदा. आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप.

कुलूप! नाथाजी कॉलेजला होता तेव्हा मी पालावर तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापून एसटीनं त्याला डबा पाठवायचे. कधी कधी मला उरायची नाही. त्याला ते ठाऊक नाही, मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. माणसाला फुकटचं कळत नाही.

३० जानेवारी

जोडवी बोटात रुतली. शेवटी कापून काढली. पन्नास वर्षांत उतरली नव्हती. स्वप्नाली म्हणाली, "बघा, अंगावर दिसतंय ना आता?"

२ फेब्रुवारी, रविवार

एक्याऐंशी.

नाथाजीनं बायकोपुढं, पोरीपुढं विचारलं, "आई, खाली दुकानात जातेस का? खरं सांग."

पोटात काकडी आणि कपाळावर चोर! आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. झोपेत उठून खात असेन का? पण कपाटाला तर कुलूप आहे. किल्ली तिच्या कमरेला.

४ फेब्रुवारी

दुपारी पायाला तेल लावताना नडगीवर अंगठा दाबला गेला. खळगा पडला. अंगठा काढला तरी तसाच!

मी ओळखलं. बाजारात लबाड माणूस आदल्या दिवशी मेंढराला मीठ चारतो आणि तहानेला भरपूर पाणी पाजतो. मेंढरू गच्च दिसतं. म्हणून आमच्यात कुणी डोळ्यानं मेंढरू घेत नाही, पाठीवर बोटं दाबून घेतात. मांस नसलं तर बोटाला कणा लागतो. आणि आजारी मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी धरते, ती तर नुसती बघून कळते. मी लांबून सांगायचे, ही मेंढी आठ दिवसांचीच सोबती. चुकले नाही कधी.

मग आरशापुढं उभी राहिले. गळ्याची हाडं वर आलीत. दंडाची कातडी लोंबते. आणि पाय मात्र केळीच्या खुंटासारखे! आयुष्यभर मुक्या जनावराचं अंग वाचलं, आणि स्वतःचं अंग महिनाभर सुनेकडून वाचून घेतलं. एवढी अडाणी मी कधीच नव्हते.

संध्याकाळी सांगितलं, "नाथा, हे मांस न्हाई. पानी हाय."

तो हसला. "तू काय मेंढरू हाईस व्हय?" चेष्टा करताना त्याची सांगलीची भाषा गळून पडते.

"मेंढरू असते तर तू कवाच वळखलं असतंस. तुझ्या बापानं शिकीवलंय तुला."

हसायचा थांबला. पण उठला नाही.

६ फेब्रुवारी

शिवांजली कॉलेज बुडवून मला रिक्षानं सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. आईला न सांगता. डॉक्टरीण पोरसवदा. काही विचारायच्या आधी तिनं नडगीवर अंगठा दाबला! म्हटलं, "बाई, तुमी कुणा धनगराच्या का?" खुदकन हसली. रक्त तपासून आलं तेव्हा मात्र हसली नाही.

गोळ्यांचं पाकीट मागितलं. "रोज दोन? महिनाभर? कुणी दिल्या?"

लेकानं दिल्या म्हणवेना. "गुडघ्यानं," म्हटलं.

मूत्रपिंडं बिघडलीत. दुखण्याच्या त्या गोळ्यांनी, आणि वरून रोज खारट सूप. अंगातलं पाणी बाहेर जायची वाटच बंद. मला ठेवून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घरी आले. पाणी उतरलं. एकोणसत्तर!

म्हणजे मांस रोज उतरतच होतं, पाण्याखाली. म्हातारी खरंच उपाशी होती.

कुलूप निघालंय. कुणी काढलं, कवा काढलं, बोलत नाही कुणी. स्वप्नाली पाय चेपायला बसली. डोळे भरले होते तिचे. मी पाय ओढून घेतला. वाईट वाटलं, पण घेतला. नाथाजी गॅलरीत पाठमोरा उभा. चुकलं म्हणायला त्याला जमत नाही, बापासारखाच. मी म्हटलं, "नाथा, सत्तरच्या खाली आले. उद्या गाडी काढ."

"आता कसं आई? दर आठवड्याला रक्त तपासायचंय. उद्या रक्त शुद्ध करायची मशीन लावायची वेळ आली तर गावात काय करणार?"

मागितलं होतं तेवढं वजन दिलं. वर दोन मूत्रपिंडं दिली. तरी न्हाईच!

१६ फेब्रुवारी, रविवार

काट्यावर उभी राहिले नाही. कुणी राहा म्हणालंही नाही.

१९ फेब्रुवारी

म्हाताऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. आता माझं येणं होत नाही म्हटलं. पलीकडून, "हं." आणि ठेवला.

पन्नास वर्षांचा संसार, आणि हं! तू तरी निदान लिहून घेतोस.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बेल वाजली. दारात म्हातारं. खांद्यावर घोंगडं, हातात वळकटी.

"मेंढरं कुणापाशी ठिवली?"

"इकली."

"किती?"

"समदी. सरक, आत येऊ दे."

शिवांजलीकडून थोरलीला लगेच फोन लावला. म्हटलं, बाजरी पाठव. मला डॉक्टरणीनं बंद केलीया, पर ह्यास्नी लागंल. पायली-दोन पायली नको बाई — पोतं पाठव.