बेलच्या जागी पोदेराचा हॉर्न

शुक्रवार, संध्याकाळ. सर्वण.

माझ्या घडीच्या सायकलीला मला हवी होती टोपली आणि रुंद सीट. यांनी सकाळी बसवला हॉर्न! तोही पाव विकणाऱ्या पोदेराचा असतो तसा, रबरी. चांगली खणखणीत बेल काढून.

"बेल ऐकू कुणाला येते?" म्हणाले. नजर मात्र हँडलवर. मी कुठे जाते, कधी येते, हे गावभर कळावं म्हणून का? बेल मी पर्समध्ये टाकली. दुकानातून परत बसवून घेणार होते.

नार्व्याहून परतताना वळणावर हॉर्न वाजवला, तर शांताकाकी पिशवी घेऊन फाटकात. मला बघून हसत सुटली. "गो पोदेरणी, चार पाव दी!" मला हसू आलं नाही.

घरी आले तेव्हा हे पाठमोरे जास्वंदीला पाणी घालत होते. बेल ऐकू येत नाही म्हणे! पर्समधून काढली आणि दोन पावलांवरून वाजवली. मान वळली नाही. पुन्हा वाजवली. नाहीच.

मग हॉर्न दाबला.

"आलीस?" केवढे हसत वळले.

बेल मी मुठीत झाकली. टोपलीचं उद्या बोलेन. कानांचं कसं बोलायचं?