लिंबांची तहान

५ जून
पोहोचले एकदाची! पालेर्मोच्या प्रयोगशाळेत बाटलीतली रोपं बघून डोळे शिणले होते. इथे एटना ज्वालामुखीच्या उतारावर लिंबांची हिरवीगार बाग आणि खाली समुद्र. वेनेराने स्टेशनवरच कडकडून मिठी मारली. कॉलेजात एका ताटात जेवलेल्या आम्ही. तिचे वडील, चिरीनोकाका, म्हणाले, शहरात उपाशी ठेवतात की काय तुला, नुसती काडी झालीस! आणि वांग्यांची भली मोठी बशी पुढे सरकवली.

उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पानं वळली की पुन्हा सोडायचं, ही इथली जुनी रीत. बिचारी घाबरून फुलतात आणि पुढच्या उन्हाळ्यात, लिंबाला भाव असताना, फळ देतात. या ताणात शेजाऱ्यांची झाडं दरवर्षी मरतात, काकांचं एकही नाही. का, ते शोधायला वेनेराच्या बोलावण्यावरून मी आलेय.

८ जून
आज पाटाला बांध घालून पाणी तोडलं. काकांनी फावडं माझ्या हाती दिलं. पहिली माती पाहुण्याने टाकायची, हा म्हणे या घरचा मान. मी फुशारून गेले. वेनेरा मात्र बघायला थांबली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

२० जून
जमीन भेगाळली. एव्हाना पानं मलूल व्हायला हवीत, ही तर तुकतुकीत. पानांतलं पाणी मोजायचं उपकरण बिघडलं असेल म्हणून दुसरं लावलं, आकडा तोच. मला मात्र तहान फार लागते. वेनेरा हसून म्हणाली, तुम्हा शहरातल्या पोरींना ऊन कुठे माहीत! घागर रिकामी केली तरी घसा कोरडाच.

२ जुलै
एवढं पाणी पिते, जातं कुठे? ओठ फुटलेत. हातावरची कातडी कडेने वळू लागली आहे. डॉक्टरकडे निघाले, पण कुंपणाबाहेर पडताच पायांतलं बळच गेलं. काकांनी उचलून आणलं, अगदी प्रेमाने.

९ जुलै
मला हे काय होतंय, असं वेनेराला सरळ विचारलं. तिने सांगून टाकलं. पहिली माती जो टाकतो, त्याला सगळ्या झाडांची तहान लागते. गेल्या वर्षी तिच्या भावाने टाकली होती. आता घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. यंदा पाळी तिची होती. म्हणून मला बोलावलंस? असं विचारलं, तर म्हणाली, माझ्या एका हाकेवर दुसरं कोण आलं असतं गं?

एका हाकेवर! आणि मी मूर्ख, नाचत आले.

१३ जुलै
बांध फोडायला गेले. रांगत. फावडं हिसकावलं — काकांनी नाही, वेनेराने. आणखी थोडे दिवस, म्हणाली. फुलोरा चांगला येईल —

जुलै
तारीख — आठवत नाही. दोघं आली. काका झाडांकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, पान वळलंय, अजून गळलं नाही. वेनेराने माझा दंड — नखाने खरवडून — आत ओल आहे का, ते — मग वडिलांना म्हणाली, थांबू या अजून.

वेनेरा, अगं मी